अण्णा, ती दोन नावं वाचायला लावलीत त्याबद्दल

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

तुमचे तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "पुरे, च्या घे" म्हणून विषय मोडता. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितोय. कोणीतरी तुम्हाला वाचून दाखवेलच, आणि तेव्हा मी समोर नसेन. शिरोड्याच्या बाजारात तुमचा छापखाना होता, तेव्हा तुमच्याकडून पुस्तकं नेणारी आम्ही बरीच पोरं होतो. त्यांच्यातलं कोणी हे वाचत असेल तर त्याने खाली आपलीही सही आहे असं समजावं.

माझी पन्नाशी उलटली, बँकेतली नोकरी संपत आली, पण कॉमिक्स सुटलं नाही. घरी आलेल्या पाहुण्यांना बायको आधी देवघर दाखवते आणि मग "हे ह्यांचं बालवाडीचं कपाट" म्हणून माझी पुस्तकं दाखवते. हा नाद कुठून लागला असं कोणी विचारलं की मी 'सुपरमॅन' म्हणतो. १९७८चा, रिचर्ड डॉनरचा, क्रिस्टोफर रीव्हचा. ते अर्धंच खरं. तो सिनेमा जगभर लाखोंनी पाहिला असेल, पण टीव्हीशेजारी स्टुलावर बसून तो मालवणीत सांगणारे तुम्ही फक्त आमच्याच वाट्याला आलात.

८५-८६ साल असेल, चतुर्थीचे दिवस. तुमच्या घरच्या गणपतीत भाड्याने व्हिडिओ आणला होता. मोठ्यांसाठी दोन हिंदी पिक्चर होते, आणि पोरांची कटकट नको म्हणून की काय, तुमच्या मुंबईच्या भाच्याने तिसरी कॅसेट आणली होती. इंग्रजी. बाहेर पावसाने पत्रे वाजत होते आणि आम्ही ओटीवर दाटीवाटीने बसलेलो. एकालाही अक्षर कळणार नव्हतं. तुमचं इंग्रजी तरी किती होतं देव जाणे, पण तुम्ही थांबला नाहीत.

क्रिप्टॉनवरचा, म्हणजे सुपरमॅन जन्मला त्या ग्रहावरचा, मार्लन ब्रँडो पांढऱ्या केसांनी, चकाकत्या कपड्यांत उभा राहिला तेव्हा कोणीतरी विचारलं, हो कोण? तुम्ही म्हणालात, "बापूस तेचो. तेंची दुनिया बुडतली, म्हणान झिलाक फुडे धाडता." एवढंच. ओटीवरच्या बायकाही फुगडीचं बोलणं सोडून बघायला लागल्या. आमच्याकडे दर घरातून कोणी ना कोणी असाच पुढे धाडलेला होता. मग तो झिल, पृथ्वीवरचा क्लार्क, मोठा होतो, त्याला वाढवणारा शेतकरी बाप हृदयविकाराने जातो, आणि पोरगा म्हणतो की एवढी ताकद असून मी त्यांना वाचवू शकलो नाही. तो गव्हाच्या शेतात आईचा निरोप घेऊन शहरात वर्तमानपत्रात नोकरीला लागतो, तेव्हा तुम्ही स्टुलावरून जाहीर केलंत, "चाकरमानी झालो!"

आणि त्यानंतर तो प्रसंग. क्लार्क संपादकाला सांगतो की माझा अर्धा पगार दर आठवड्याला या पत्त्यावर पाठवा. तिथलीच बातमीदार लोइस लेन टिंगल करते की म्हाताऱ्या आईला पाठवतोस की काय, आणि तो खरंच आईलाच पाठवत असतो. तुम्ही म्हणालात, "मनीऑर्डर." पुढचा हेलिकॉप्टरचा थरार, ते उडणं, ते जॉन विल्यम्सचं संगीत, सगळं आवडलंच. पण मला तो आपला वाटला तो त्या मनीऑर्डरीमुळे. माझे बाबा तेव्हा परळला होते आणि आमचं घर महिन्याच्या त्याच एका फॉर्मवर चालायचं. अमेरिकेतल्या समीक्षकांनी या सिनेमावर पुष्कळ लिहिलंय, माझ्या मते त्या प्रसंगाचं मोल आमच्या ओटीइतकं कोणालाच कळलेलं नाही.

पण मला आभार मानायचेत ते आणखी दोन गोष्टींचे.

पहिली, तुम्ही कॅसेट थांबवलीत ती. सिनेमा सुरू होतो तोच एका कॉमिक्सने. पडदा उघडतो, जून १९३८ असं येतं, आणि एक लहान पोर पानं उलटतं. मी ओरडलो, "ह्या पुस्तक माका व्हया!" सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. पुढे अवकाशातून सूंऽऽ करत अक्षरं यायला लागली, त्यात एके ठिकाणी तुम्ही पॉजचं बटण दाबलंत. चित्र थरथरायला लागलं, मधून पांढरे पट्टे. तुम्ही उठून काचेवर बोट ठेवलंत आणि मला वाचायला लावलंत. सहावीतलं इंग्रजी, एकेक अक्षर लावत वाचलं: जेरी सीगल, जो शूस्टर. "ह्या दोघांनी काढलो तेका. आदी नाव वाच, मगे चित्र बघ." मागून भाचा वैतागला, "अण्णा, लावा ना पुढे!"

त्याच नावांच्या रांगेवरून तुम्ही आणखी एक मजा केलीत. सगळ्यात आधी ब्रँडोचं नाव, मग जीन हॅकमनचं, आणि खुद्द सुपरमॅन झालेल्या रीव्हचं त्यांच्या मागून. तुम्ही म्हणालात, आपल्याकडे राजपार्टाचं नाव असं खाली घातलं असतं तर कंपनीने माझं मशीन समुद्रात टाकलं असतं. दशावताराची हँडबिलं तुम्हीच छापायचात, त्यामुळे ते दुखणं तुम्हाला ठाऊक.

दुसरी गोष्ट तुमच्या छापखान्यातली. चतुर्थी आटपल्यावर तुम्ही मला बोलावून घेतलंत. पायाने चालवायच्या ट्रेडल छपाई मशीनच्या मागे, कागदाच्या रिमांच्या तपकिरी वेष्टनात बांधलेला गठ्ठा होता. कागद आणि छपाईचे खिळे आणायला मुंबईला गेलात की फोर्टातल्या फुटपाथवरून तुम्ही जुनी कॉमिक्स आणायचात, हे वहिनींनाही फारसं माहीत नसावं. त्यातला एक अमेरिकन अंक तुम्ही काढलात, कव्हर फाटलेला. भिंग माझ्या हातात दिलंत आणि म्हणालात, हेचो पदर बघ. सुपरमॅनचा लाल पदर भिंगाखाली लाल राहिलाच नाही. पिवळ्यावर गुलाबीसर ठिपके, रांगेने बसलेले. चेहऱ्याचा रंग म्हणजे कागदावर विरळ ठिपके आणि मधे कागद तसाच कोरा. एका चौकटीत निळा रंग रेषेच्या बाहेर सरकला होता, तर त्यावर तुम्ही माणसाच्या हलगर्जीपणाबद्दल पाच मिनिटं बोललात. चार रंगांचे चार ठसे एकावर एक नेमके बसले तर सुपरमॅन, नाही तर शिमग्याचं सोंग. त्या दिवसापासून मी छापलेलं चित्र नुसतं पाहू शकत नाही, नाकाजवळ नेतो. बँकेत याचा खोट्या नोटांच्या बाबतीत थोडा उपयोग झाला, ते जाऊ दे.

मग नियम सुरू झाला. एका वेळी एकच अंक. हात धुऊन, विशेषतः फणसाच्या दिवसांत. आणि परत करताना प्रश्न: "कोणी काढलेला?" सांगता आलं नाही तर पुढचा अंक नाही. मराठी इंद्रजाल कॉमिक्सचा वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम, तुम्ही मला पहिला दिलात. मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी १९६४च्या मार्चमध्ये इंद्रजाल सुरू केलं होतं. वेताळाचा लेखक ली फॉक हे पाठ झालं, चित्रकार साय बॅरी हेही झालं, तर तुम्ही म्हणालात, आणि कव्हर? कव्हर इथलंच, त्यावर कोपऱ्यात बारीक सही: बी. गोविंद. ती शोधायला मला अर्धी दुपार लागली. इंद्रजालचाच देशी नायक बहादूर हाती आला तेव्हा मात्र मी आधीच तयारी करून गेलो: लेखक आबिद सुरती, चित्रं गोविंद ब्राह्मणिया.

वेताळ आमच्या घरात चटकन रुळला याचं कारण तुम्हाला माहीतच आहे. शिरोड्याच्या शेजारी आरवली. वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो, चालून चालून त्याच्या चपला झिजतात, म्हणून लोक त्याला हातभर लांबीच्या नव्या चपला वाहतात. मुखवटा घालून जंगल राखणारा एक वेताळ आफ्रिकेतही असेल, त्यात नवल ते काय? आजीने तेवढं कव्हर निरखून पाहिलं आणि विचारलं, "आपल्या वेतोबाक व्हाणो, आणि हेका बूट?" ली फॉकला हा प्रश्न कोणी विचारला असेल असं वाटत नाही.

ती दोन नावं तुम्ही का थांबवून वाचायला लावलीत, याचं वजन मला फार उशिरा कळलं. मुंबईत नोकरीला लागल्यावर वाचायला मिळालं. क्लीव्हलँडच्या शाळेत भेटलेली ही दोन पोरं. १९३८ साली त्यांनी सुपरमॅनची पहिली गोष्ट १३० डॉलरला विकली, आणि तिच्याबरोबर सुपरमॅनवरचा हक्कही गेला. पुढे हक्कासाठी ते कोर्टात गेले, तर अंकांवरची त्यांची नावंच गेली. ती पाव शतकाहून जास्त काळ परतली नाहीत. जगातला सगळ्यात ताकदवान माणूस कागदावर उतरवणारा शूस्टर म्हातारपणी जवळजवळ आंधळा झाला होता. १९७५ साली सिनेमा निघणार अशी बातमी आली तेव्हा सीगलने वर्तमानपत्रांना संतापून पत्रक पाठवलं. नील अॅडम्स आणि जेरी रॉबिन्सन हे दोन चित्रकार त्यांच्या बाजूने उभे राहिले. वर्षअखेर सुपरमॅनचा हक्क असलेल्या कंपनीने दोघांना दर वर्षी २० हजार डॉलर आणि नावं परत द्यायचं कबूल केलं. म्हणजे तुम्ही बोट ठेवलंत ती ओळ भांडून मिळवलेली होती.

मी सुट्टीत येऊन हे सगळं तुम्हाला उत्साहाने सांगितलं. तुम्हाला यातलं माहीत असणार, म्हणूनच तुम्ही थांबवलंत, असा माझा समज. तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "माका काय म्हायत? हँडबिलार नाव चुकला तर माका गाळी पडत, म्हणान सवय." अण्णा, ते ऐकून मला तुमचा आदर दुप्पट वाटला. माहिती तर कोणालाही असते.

त्या सवयीने मला कुठे कुठे नेलं ते सांगत बसलो तर चतुर्थी येईल. इंद्रजाल १९९०मध्ये बंद पडलं तेव्हा सगळं संपलं असं वाटलं होतं. मग एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर हिंदी राज कॉमिक्स, नागराज, ध्रुव. मग मुंबईच्या फुटपाथवरचा तुमचाच कोपरा. बॅटमॅन हातात आला तेव्हा नाव एकट्या बॉब केनचं. बिल फिंगर नावाच्या माणसाने त्यातलं कितीतरी रचलं होतं, आणि त्याचं नाव अधिकृतपणे लागायला २०१५ उजाडलं. तोवर तो जाऊन चाळीसेक वर्षं झाली होती. त्या दिवशी मी तुम्हाला फोन केला होता. तुम्ही विचारलंत, "पैसे गावले तेच्या घरच्यांक?" बरोबर तोच प्रश्न.

आता माझा भाचा सुपरहिरोंचे नवे सिनेमे पाहतो. शेवटी नावं सुरू झाली की थिएटरात कोणी उठत नाही, पण ते नावांसाठी नसतं, मागून येणाऱ्या छोट्या प्रसंगासाठी असतं. मी मात्र त्याला मध्ये येणारी ती 'आभार' म्हणून चित्रकारांची यादी वाचायला लावतो. तो मला तुमच्या भाच्यासारखाच वैतागतो.

तर कळवायचं ते असं. 'अॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकाचं पुनर्मुद्रण मिळालं, ते पोस्टाने पाठवलंय. ओटीवर मी मागितलं होतं तेच. कव्हरवर तो हिरवी गाडी डोक्यावर उचलून आपटतोय, आत पहिल्याच पानावर दोघांची नावं आहेत. छपाई नव्या पद्धतीची, कागद जरा जास्तच गुळगुळीत, तुम्ही नाक मुरडाल याची खात्री आहे. पार्सल वहिनींच्या नावाने टाकलंय, कारण तुम्ही पोस्टमनला दारातच गप्पांना बसवता आणि सही करायची राहून जाते. कोणी काढलंय ते वाचून झालं की कुडाळच्या नातवाकडे द्या. एका वेळी एकच अंक, आणि हात धुऊन.

तुमचा,
छापखान्यासमोरच्या दुकानातला धाकटा