मिनिटभर श्वास मोजा हो

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

तपासणीच्या नवनवीन मशिनींवर तुमच्या पेपरात मोठा लेख आला होता तो वाचला, आवडला, मशिनींना माझा विरोध अजिबात नाही. पण मी 26 वर्षं वॉर्डात स्टाफ नर्स म्हणून काढलीत आणि एवढं नक्की सांगते की पेशंट बिघडतोय हे सगळ्यात आधी कळतं ते कॉटजवळ उभं राहून, आणि नेमकं तेच राहून जातंय, म्हणून हे पत्र.

प्रत्येक कॉटला टीपीआर चार्ट असतो, टेंपरेचर, पल्स, रेस्पिरेशन. पहिल्या दोन गोष्टी मोजतात. तिसरी बऱ्याचदा नुसती लिहितात. कुठलाही चार्ट काढून बघा, हर्नियाचा पेशंट असो की न्यूमोनियाचा, श्वासाच्या रकान्यात 18 नाहीतर 20. एका नर्सकडे पंचवीस-तीस पेशंट असले की असंच होतं, मीही लिहिलेत तसे आकडे, त्याचं आजही वाईट वाटतं.

एका नाईटची गोष्ट सांगते. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, कारण हे कुठेही होऊ शकतं. आतड्याचं ऑपरेशन होऊन पाचवा दिवस असलेल्या एक आजी होत्या. ताप 98, नाडी 104, वरचं बीपी 116, ऑक्सिजन 96, श्वास सकाळपासून 20, 20, 20. आधीच्या शिफ्टकडून हॅन्डओव्हर घेऊन वळते तर त्यांची मुलगी समोर, म्हणाली सिस्टर, आई आज आईसारखी नाहीये हो, मला ताई ताई म्हणतीये आणि चादरीची कड सारखी चिमटीत धरून ओढतीये. दिवसभरात तिने तिघांना हेच सांगितलं होतं, आणि तिघांनीही वय झालंय, झोप नाही झाली असं म्हणून तिला परत पाठवलं होतं. मी आजींचं मनगट धरलं, नाडी बघतेय असंच दाखवलं आणि घड्याळाकडे बघत पोट वरखाली होतं ते मोजलं, पूर्ण एक मिनिट. 32 भरले.

डॉक्टरांना फोन केला तर पहिलं उत्तर आलं, ऑक्सिजन 96 आहे ना, घाबरल्या असतील. मी म्हटलं सर, मिनिट भरून मोजलंय, 32 आहे आणि स्वतःच्या मुलीला ओळखत नाहीयेत. ते लगेच आले हे मात्र मान्य करायला हवं. ब्लड गॅस ही रक्ताची तपासणी केली, तर लॅक्टेट, म्हणजे शरीर अडचणीत आलं की रक्तात साठणारा पदार्थ, वाढलेलं. आतड्याचा जोड सुटून पोटात इन्फेक्शन पसरत होतं, पहाटेच्या आत आजी परत ऑपरेशन थिएटरात. वाचल्या, पण आयसीयूत महिना गेला, आणि सकाळीच कोणी श्वास मोजला असता तर बारा तास हातात होते हे माझ्या डोक्यातून जात नाही.

ऑक्सिजन चांगला असताना श्वास का वाढतो हे खूप लोकांना माहीत नसतं. सेप्सिसमध्ये, म्हणजे इन्फेक्शनमुळे शरीराचे अवयवच बिघडायला लागतात तेव्हा, रक्तात आम्ल वाढायला लागतं आणि शरीर ते भरून काढायला कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतं, त्यासाठी भराभर श्वास घ्यावा लागतो. बोटाला लावायचं मशिन ऑक्सिजन दाखवतं, ही धडपड दाखवत नाही. वय झालेल्या माणसाला तर सेप्सिसमध्ये ताप येईलच असंही नाही, उलट कधी अंग गार पडतं.

ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2012 मध्ये पेशंट किती बिघडलाय हे गुण देऊन ठरवणारा न्यूज नावाचा स्कोअर आणला आणि 2017 मध्ये सुधारला. त्यात मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला 12 ते 20 असेल तर शून्य, 25 किंवा जास्त असेल तर 3 गुण. नव्याने आलेला गोंधळ, म्हणजे माणूस अचानक भलतंच बोलायला लागणं, त्याचेही 3. नाडी 104 चा 1. आमच्या आजींचे झाले 7, आणि 7 म्हणजे इमर्जन्सी. त्या सातातले सहा गुण अशा गोष्टींचे होते ज्यातली एक कोणी मोजली नव्हती आणि दुसरी मुलगी ओरडून सांगत होती.

मोजायला घड्याळाशिवाय काही लागत नाही. पेशंटला सांगायचं मात्र नाही, सांगितलं की श्वास बदलतो. आणि पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, एकाची चूक झाली की चारची होते. लहान मुलांचं गणित वेगळं, खोकला किंवा दम असलेल्या बाळाचा श्वास मिनिटाला दोन महिन्यांच्या आत 60, वर्षापर्यंत 50 आणि पाच वर्षांपर्यंत 40 किंवा त्याहून जास्त भरला तर वाट बघायची नाही. बाळ शांत असताना मोजायचं, रडताना नाही.

दुसरी गोष्ट लेबलची. एकदा केसपेपरवर ॲसिडिटी किंवा अँग्झायटी लिहिलं की पुढचा प्रत्येक जण त्याच चष्म्यातून बघतो. डायबेटिसच्या पेशंटला छातीत न दुखताही हार्ट अटॅक येतो, नुसता घाम आणि दम, आणि पहिला ईसीजी नॉर्मल येऊ शकतो, म्हणून तर तो परत काढायचा असतो. आजाराचं निदान ही एकदा लिहून मोकळं व्हायची गोष्ट नाही हो, पेशंट बदलला की ते परत तपासायला लागतं.

इंग्लंडमध्ये सेप्सिसने गेलेल्या मार्था नावाच्या 13 वर्षांच्या मुलीच्या आईवडिलांनी लढा दिला, त्यातून 2024 पासून तिथल्या हॉस्पिटलांत मार्थाज रूल सुरू झाला. नातेवाइकांना तब्येत बिघडतेय असं वाटलं तर ते दुसऱ्या टीमला थेट बोलावू शकतात, शिवाय पेशंट कसा वाटतोय हे त्यांना रोज विचारायचं असतं. आपल्याकडे एवढी यंत्रणा उभी राहायला वेळ लागेल, पण टीपीआर चार्टवर घरचे काय म्हणतात असा एक रकाना छापायला काय हरकत आहे? आणि प्रत्येक शिफ्टला निदान ऑपरेशनच्या आणि तापाच्या पेशंटचा श्वास पूर्ण मिनिट मोजून, मोजणाऱ्याची सही घ्यावी. त्यासाठी नर्सेस वाढवायला लागतील, तर वाढवा, त्याशिवाय हे होणार नाही.

तोपर्यंत पेशंटजवळ बसणाऱ्यांनी नुसतं बरं वाटत नाहीये असं सांगू नका. कालपर्यंत काय करत होते आणि आज काय करत नाहीयेत ते सांगा, श्वास मोजून आकडा आणि वेळ सांगा, कोणी ऐकलं नाही तर अर्ध्या तासाने परत मोजून परत सांगा.

आपली वाचक,
एक निवृत्त स्टाफ नर्स