आरोग्यमंत्री साहेब, ती गोळी आजही न सांगता देताहेत

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

परवा माझ्या नणंदेच्या मुलीला फिट येतात म्हणून ओपीडीत सोडियम व्हॅलप्रोएट ही गोळी लिहून दिली. वय २२, मे महिन्यात लग्न. लग्न ठरलंय का, मूल कधी हवंय, कुणी एका शब्दाने विचारलं नाही. सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर, चला पुढचा पेशंट. मलाही हीच गोळी अशीच दिली होती, म्हणून हे पत्र.

माझा मुलगा सात वर्षांचा आहे. जन्मला तेव्हा ओठ दुभंगलेला होता, ऑपरेशन झालं, वाटलं सुटलो, तर पोरगं बोलेचना. अजून शर्टाचं खालचं बटण वरच्या काजात जातं आणि मग चिडून स्वतःचाच हात चावतो. घरात म्हणायचे ग्रहणात विळीवर भाजी चिरली असशील. कित्येक वर्षं ऐकून घेतलं, कारण खरं काय ते कुणी डॉक्टरने सांगितलंच नाही. शेवटी एका न्यूरोलॉजिस्ट बाईंनी जुनी फाईल चाळून सांगितलं, हे त्या गोळीमुळे.

हे काही आज लागलेलं संशोधन नाही साहेब. गरोदरपणी ही गोळी चालू असली तर शंभरातल्या दहाएक बाळांना जन्मतः व्यंग, म्हणजे मणका उघडा, टाळू फाटलेली, हृदयात दोष, आणि तीस-चाळीस मुलांना बोलण्याचे, शिकण्याचे त्रास, काहींना ऑटिझम. इंग्लंडने २०१८ पासून नियमच केला, पाकिटावर गरोदर बाईचं चित्र, दरवर्षी धोका समजावून सही. फ्रान्सने २०१६ मध्ये भरपाईची सोय केली. आपल्याकडे तंबाखूच्या पुडीवर ८५ टक्के जागेत इशारा छापता येतो, मग या स्ट्रिपवर मराठीत एक ओळ का नाही?

हे वाचून कुणी मनाने गोळी बंद करू नका, फिट आली तर आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेततं. पण लॅमोट्रिजिन, लेव्हेटिरासेटाम या फिटच्या दुसऱ्या गोळ्यांचा धोका खूप कमी आहे. सगळ्यांना चालत नाहीत हे मान्य, पण विचारा तरी! आणि ते लग्नाआधी विचारा. बाळाचा मणका गर्भ राहिल्यावर पहिल्या चार आठवड्यांत बंद होतो, तेव्हा पाळी चुकलीय हेही नीट कळलेलं नसतं, आणि आशाताईकडे नाव लागतं त्यानंतर. मग मणक्याच्या बचावासाठीचं फॉलिक अ‍ॅसिड तेव्हा देऊन मणक्याला काय उपयोग?

लाडक्या बहिणीला दर महिन्याला दीड हजार देता, त्याचे बोर्ड चौकाचौकात. त्याच बहिणीची फिट लपवून लग्न लावतात, मूल अधू झालं की दोष तिच्या माथी, आणि अपंगत्वाच्या सर्टिफिकेटसाठी चपला झिजवायच्या तिनेच. बोर्डाला पैसा आहे आणि सिव्हिलला थेरपिस्ट नाही, हे कुठलं राज्य चालवणं? मुलीच्या जातीला माहिती द्यायची गरजच नाही असं ठरवलंय का तुम्ही लोकांनी?

फिटच्या गोळीवर असलेल्या प्रत्येक मुलीला लग्नाआधी समोर बसवून हे सांगायचं, असा जीआर काढा. दुसऱ्या गोळ्या तालुक्याला ठेवा. माझ्या मुलासारख्या मुलांची नोंद सुरू करा, आज राज्यात अशी किती आहेत हे तुमच्या खात्याने आम्हाला कधी सांगितलेलं नाही. आणि मेच्या आधी करा, आमच्या घरातली ती मुलगी थांबलीय.

एक आई