जुना कॅल्क्युलेटर भंगारात द्यायच्या आधी झाकण तर उघडा

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पुरवणीत घर आवरायच्या टिपा आल्या होत्या, त्यात एक ओळ अशी की बंद पडलेले कॅल्क्युलेटर, रिमोट वगैरे जास्त विचार न करता भंगारात काढून टाका. बाकीचं सगळं ठीक पण हे काही पटलं नाही म्हणून लिहितोय. माझं भुसावळला टीव्ही-रेडिओ रिपेअरिंगचं दुकान आहे आणि ते लाल आकड्यांचे जुने कॅल्क्युलेटर लोक अधूनमधून घेऊन येतात, त्यातले बरेचसे खराब झालेलेच नसतात हो, आतले सेल फुटलेले असतात बस.

परवा रावेरकडचे एक केळीवाले आले, "भाऊ, पाहा ना याले काय झालं." त्यांचे वडील त्यावर केळीच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीचे हिशोब, काढायचे. कंपनीचं नाव घासून गेलेलं, बेरजेच्या बटणावरची खूण पण गायब. मागचं झाकण सरकवलं तर सेल आतच चिकटलेले, स्प्रिंग हिरवीगार आणि कडेला पांढरी पावडर. ही पावडर नखाने खरवडायची नाही आणि पाणी तर ओतायचंच नाही. अल्कलाइन सेलची असेल तर कापसाच्या बोळ्यावर व्हिनेगरचे दोन थेंब घ्यायचे, साधे जुने सेल असतील तर खायच्या सोड्याचं पाणी, तेही थेंबभरच, आणि मग स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्यायचं. स्प्रिंगला हलका पॉलिश पेपर मारला, नवे पेन्सिल सेल टाकले आणि शून्य पेटला. एकच, उजव्या कोपऱ्यात, लालभडक. काका खुर्चीवरून उठूनच उभे राहिले.

मग ते म्हणाले हा १९७१ सालचा आहे, वडिलांनी मुंबईहून आणलेला. आता ही गोष्ट मी खूप घरांमधून ऐकलीय, प्रत्येकाचा कॅल्क्युलेटर जगातला पहिला असतो! खिशात मावेल असा पहिला कॅल्क्युलेटर, बिझिकॉम कंपनीचा, जपानमध्ये निघालाच मुळी १९७१ ला, तो त्याच वर्षी रावेरला कुठून येणार. म्हणून मी स्क्रू काढून आत बघतो. मोठ्या आयसीवर, म्हणजे आतल्या चिपवर, नंबर छापलेले असतात, त्यातले चार आकडे म्हणजे बऱ्याचदा साल आणि आठवडा. यांच्यात ७६२२ निघालं, म्हणजे १९७६ चा बाविसावा आठवडा. फक्त आयसीचा स्वतःचा नंबर आणि हा तारखेचा नंबर यात गल्लत करू नका, बरेचदा तारीख खालच्या ओळीत असते.

आणि १९७६ पटतं पण. एचपी-३५ नावाचा सायंटिफिक कॅल्क्युलेटर १९७२ ला अमेरिकेत ३९५ डॉलरला निघाला होता, आणि चारच वर्षांत टीआय-३० हा तसलाच सायंटिफिक कॅल्क्युलेटर आला तो पंचवीस डॉलरच्या आत. एवढा भाव पडला तेव्हा कुठे अशा वस्तू आपल्याकडच्या आडत दुकानांत दिसायला लागल्या असणार असं माझं मत.

लाल आकडे जवळून बघितलेत का कधी? खरा आकडा अगदी बारीक असतो, त्यावर प्लास्टिकचा फुगीर थेंबासारखा भिंग बसवलेला असतो म्हणून तो मोठा दिसतो, आणि म्हणूनच बाजूने बघितलं की आकडा गायब. त्यात सगळे आकडे एकदम पेटतच नाहीत, एकामागून एक इतके भराभर पेटतात की डोळ्याला कळत नाही, मोबाईलने व्हिडिओ काढा म्हणजे लुकलुकताना दिसतील. ही सगळी धडपड सेल वाचवायची, तरी सेल खायचेच. पुढे शार्पने १९७३ ला एलसीडीवाला काढला आणि मग हळूहळू लाल आकड्यांचं राज्य संपलं.

चालू झाला की १ भागिले ३ करा आणि गुणिले ३ करा. माझ्याकडे आलेल्याने ०.९९९९९९९ दाखवलं, मोबाईल सरळ १ दाखवतो. म्हणजे तो बिघडलाय असं नाही, त्याच्याकडे आठच घरं, उरलेलं तो सोडून देतो. मग शून्याने भागून बघा, काही मशीन ई, म्हणजे एरर, दाखवतात, काही जुने आकडे फिरवतच बसतात, बंद केल्याशिवाय थांबत नाहीत. आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढल्याचा शिलालेख आहे, आणि भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या राशीवर बीजगणितात लिहून ठेवलंय. शाळेतल्या पोरांना तो भाग शिकवताना असं एखादं जुनं मशीन हातात दिलं तर मजा येईल, फळ्यावर लिहून तेवढी नाही येणार.

एक मात्र सांगतो, एलिमिनेटर, म्हणजे सेलऐवजी लाईटवर चालवायचा अडॅप्टर, मिळेल तो लावू नका. जुन्या पिनेत प्लस आत की बाहेर हे कंपनीगणिक वेगळं असायचं, उलटा लागला की आयसी जातो आणि तो आयसी आता कुठे मिळत नाही. एका मोठ्या दुकानात असंच उलटं लावून चांगला चालू पीस जाळला आणि वर गिऱ्हाईकाला सांगितलं की जुना माल होता, जाणारच होता.

तेव्हा पुढच्या पुरवणीत एवढी चौकट छापा, कपाटात ठेवायच्या कॅल्क्युलेटरमधले सेल काढून ठेवा, आणि भंगारवाला आला तरी आधी झाकण उघडून बघा. किलोवर तो काय देणार तुम्हाला.

— एक टीव्ही रिपेअरवाला, भुसावळ