साहेब, ती पगाराची स्लिप

आदरणीय सुभेदार साहेब,
जय हिंद.

फोनवर आभार मानायला गेलो की तुम्ही “बरं बरं, पोरं काय म्हणतात?” म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत. आता मध्येच तोडता येणार नाही.

२०१९ मध्ये माझी चोवीस वर्षं भरली. डिस्चार्जचे कागद करायला तुमच्यासमोर बसलो तेव्हा डोक्यात फक्त पेन्शन होती. तुम्ही माझा शीट रोल, म्हणजे नोकरीच्या नोंदींचा कागद, उघडलात, ओळीओळीवरून बोट फिरवलंत आणि मान वर न करता विचारलंत, “मेडलं किती?”

“असतील सहा-सात.”

तुम्ही चष्मा काढून टेबलावर ठेवलात. “असतील म्हणजे? बायकोला विचारायचं का?”

मग मोजायला बसलो. १५ ऑगस्ट १९९७ ला जो जो वर्दीत होता त्याला स्वातंत्र्याच्या पन्नाशीचं मेडल, त्यात माझं कर्तृत्व काय, तर त्या दिवशी मी नोकरीत होतो. नऊ वर्षांचं आणि वीस वर्षांचं, ती टिकून राहिल्याची. काश्मीरमधल्या दिवसांचं सैन्य सेवा मेडल, त्याच्या रिबनवर जम्मू-काश्मीरची पट्टी. आणि ऑपरेशन विजय. ते सांगताना मी सवयीने छाती फुगवून म्हणालो, “हे कारगिलचं.”

“स्टार आहे की मेडल?”

“मेडल.”

“मग कारगिल कुठलं? लढाईच्या इलाख्यात होते त्यांना स्टार. आपली पलटण तेव्हा राजस्थानात वाळू चाळत होती. मीही तिथंच होतो, मला नको सांगू.”

साहेब, त्या दिवशी मला राग आला होता. वीस वर्षं लोक मला कारगिलवाला म्हणत होते, मीही म्हणू देत होतो. खोटं बोललो नव्हतो, पण खरंही सांगितलं नव्हतं. आता कोणी विचारलं की नीट सांगतो : १९९९ ला आम्ही पश्चिम सरहद्दीवर होतो, तिकडून दुसरी आघाडी उघडली तर अडवायला. ती उघडली नाही. समोरचा जरा हिरमुसतो, पण मला रात्री झोप बरी लागते.

ऑपरेशन पराक्रमच्या मेडलशी तुम्ही जास्त थांबला नाहीत, मीही थांबलो नाही. १३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला आणि आम्ही परत त्याच वाळूत, पुढच्या ऑक्टोबरपर्यंत. युद्ध झालंच नाही म्हणून बाहेर कोणाला ते आठवतही नाही. पण सुरुंग पेरताना आणि नंतर काढताना माणसं गेली. ती आपल्याला आठवतात.

मग तुम्ही विचारलंत, “ग्लेशियर कुठाय? सियाचीनचं मेडल?”

मी म्हटलं, जाऊ द्या साहेब. २००७ मध्ये गुलमर्गचा माउंटन कोर्स केलेले आम्ही चौघं अटॅचमेंटवर दुसऱ्या पलटणीकडे गेलो होतो. तीन महिने वरच्या पोस्टवर काढले. बुखारीच्या, म्हणजे शेगडीच्या, रॉकेलची काजळी अशी की खाली आल्यावरही आठवडाभर काळंच थुंकत होतो. एकदा लिंक पेट्रोलमध्ये, म्हणजे दोन पोस्टमधल्या गस्तीत, दोरीवरचा तिसरा मी, बर्फ खचला आणि कमरेपर्यंत कपारीत गेलो. पुढच्या-मागच्यांनी आइस ॲक्स रोवून दोरी ताणून धरली, कोणी ओरडलंसुद्धा नाही, कारण वर ओरडायला श्वास नसतो. चढण्याआधी बेस कॅम्पला ओपी बाबांच्या मंदिरात रिपोर्ट दिला होता, ग्लेशियरवर जवानांची राखण तेच करतात असं आपण मानतो; उतरल्यावर पुन्हा दिला. बाबांकडे आमची नोंद झाली, पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे सरकारी कागदावर, मात्र झाली नाही. तो कागद कुठल्या टेबलावर राहिला हे शोधत बसण्यात अर्थ नव्हता. आमची पलटण ग्लेशियरवर नव्हती, त्यामुळे तिच्या यादीत आम्ही नाही. ज्यांच्याबरोबर राहिलो त्यांच्या यादीत पाहुण्यांची नावं कोण घालतो?

तुम्ही फक्त एवढंच म्हणालात, “पगाराच्या स्लिपा ठेवल्यात का?”

ठेवल्या होत्या. काळ्या ट्रंकेच्या तळाशी, प्लास्टिकच्या पिशवीत, रबर बँड वितळून चिकटलेला. दुसऱ्या दिवशी तुम्ही त्या एकेक सुट्या केल्यात आणि एका स्लिपवर बोट ठेवलंत. सियाचीन भत्ता. पुढच्या महिन्याच्या स्लिपवरही होता. “हे बघ. पैसे देताना सरकारनं तुला वर धरलंय. मग मेडल देताना खाली कसं धरेल?” तुमचा तो चेहरा मी विसरणार नाही. कोर्सवर पहिला आलेल्या रिक्रुटसारखा.

पुढची धावपळ तुम्ही केलीत. मूव्हमेंट ऑर्डरची प्रत मिळवलीत, पत्रं लिहिलीत, उत्तर नाही आलं की आठवणपत्र, त्याच्यावर पुन्हा आठवणपत्र. दरम्यान तुम्ही स्वतः रिटायर झालात, तरी जाण्याआधी ती फाइल पुढच्या बाबूच्या हातात देऊन त्याला समजावून सांगितलीत. हे मला तुम्ही नाही, त्यानं सांगितलं.

मेडल आलं. कडेवर माझा नंबर, रँक आणि नाव कोरलेलं आहे. अक्षरं इतकी बारीक की मुलीनं मोबाइलवर फोटो काढून मोठा केला तेव्हा वाचता आलं. तिनं विचारलं, “हे कशाबद्दल?” विजयचं मेडल बघून तिनं हे कधी विचारलं नव्हतं, कारण तिला वाटायचं तिला माहीत आहे. त्या रात्री मी तिला कपारीचं सांगितलं. बायकोही पहिल्यांदाच ऐकत होती. तिला जास्त राग आला तो मी पडल्याचा नाही, इतकी वर्षं न सांगितल्याचा.

आता सगळी मेडलं नव्या पट्टीवर ओळीनं लावून शिवून घेतली आहेत, तुम्ही कागदावर लिहून दिलेल्या क्रमानं.

आणि साहेब, एक राहिलं. माझ्या मागे दोरी धरणारा, चौथा, त्याचंही नाव कुठल्या यादीत नाही. त्यानं स्लिपा ठेवल्या नाहीत, पण एक जुनं पासबुक सापडलंय म्हणतो. त्याला घेऊन रविवारी येऊ का? हे आभारपत्र आहे की अर्ज, असं तुम्ही विचारालच. दोन्ही समजा.

तुमचा,
हवालदार (निवृत्त)