फवारणीआधी मिशा बघा

महोदय,

पाऊस ओसरू लागला की घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंत सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गॅलरीतल्या किड्यांचे फोटो फिरू लागतात. कोणी ‘टोळधाड आली’ म्हणतं, कोणी झुरळ म्हणतं, आणि लगेच पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन जातो. मे २०२० मध्ये टोळांचे थवे विदर्भात उतरले होते, ती धास्ती अजून आहे. पण वाळवंटी टोळ थव्याने आणि दिवसा उडतो. रात्री ट्यूबलाइटखाली सापडलेले दोन-तीन हिरवे किडे म्हणजे धाड नव्हे.

ओळखायचं तर आधी मिशा बघाव्यात. केसासारख्या बारीक आणि जवळजवळ अंगाएवढ्या किंवा त्याहून लांब असतील तर तो रातकिडा, नाहीतर त्याचा पानासारखा हिरवा भाऊबंद कॅटिडिड. जाडसर आणि आखूड असतील तर नाकतोडा. गोची होते ती मोडक्या मिशीमुळे, म्हणून दोन्ही मिशा बघाव्यात आणि मग शेपटीकडे वळावं. रातकिड्याच्या मादीला मागे सरळ सुईसारखी नळी असते, कॅटिडिडच्या मादीला चपटी, बहुधा विळ्यासारखी वळलेली. नाकतोड्याच्या मादीला अशी लांब नळी नसतेच. लोक या नळीला नांगी समजून चपलेने मारतात, पण ती अंडी घालायची आहे, डसायची नाही. रंगावर मात्र विसंबू नये. एकाच जातीचे नाकतोडे हिरवेही असतात आणि वाळक्या गवतासारखे तपकिरीही.

मोरीत किंवा ओट्याखाली दिसतो तो बहुतेकदा घरातला रातकिडा: जेमतेम दीड सेंटिमीटरचा, फिकट पिवळसर तपकिरी, अंगावर गडद आडवे पट्टे. याच्या मादीला पंख जवळजवळ नसतातच, म्हणून ती झुरळाचं पिल्लू वाटते. झुरळ चपटं असतं, त्याचं डोकं ढालीखाली दडलेलं असतं, आणि ते उडी मारत नाही. रातकिड्याच्या मागच्या मांड्या चांगल्या जाड असतात. किर्रर्र आवाज करतो तो नर, पंखावर पंख घासून. त्याचे कान पुढच्या पायांवर, गुडघ्याच्या जरा खाली असतात. भिंगातून तिथे बारीकसा पडदा दिसतो.

कुंड्यांमधला नेहमीचा पाहुणा म्हणजे निमुळत्या, टोकदार डोक्याचा हिरवा नाकतोडा. तो उडाला की आतले पंख गुलाबी दिसतात. मोठ्याच्या पाठीवर छोटा बसलेला दिसला तर ते आई-पिल्लू नव्हेत, मादी आणि नर आहेत. तुळशीच्या पानांना भोकं पडत असतील तर सकाळी लवकर, किडे गारठलेले असताना हाताने वेचावेत आणि कुंडीवर मच्छरदाणीचं कापड घालावं. चार-पाच कुंड्यांसाठी औषध मारणं हा निव्वळ आळस आहे, आणि त्यात मधमाश्याही मरतात.

मोकळ्या प्लॉटवर रुईच्या झाडाला पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचे जाड नाकतोडे लगडलेले असतात. ते रुईचा विषारी चीक पचवतात, आणि डिवचलं तर अंगातून द्रव उडवतात. मुलांना हात लावू देऊ नये.

ओळख विचारायची असेल तर वरून एक आणि बाजूने एक असे दोन फोटो काढावेत, मिशा पूर्ण दिसतील असे. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवलं की आकार कळतो. पकडताना वर पेला आणि खालून पुठ्ठा सरकवावा. मागच्या पायाला धरलं तर किडा पाय तिथेच टाकून पळतो, आणि तो पाय पुन्हा उगवत नाही.

एवढं करूनही रोज किडे येत असतील, तर गॅलरीतला पांढरा दिवा काढून पिवळा लावावा आणि मोरीच्या जाळीची फट बंद करावी.

– एक कीटक अभ्यासक, ठाणे (पश्चिम)