दुकान फतेगंजला की रावपुऱ्यात?

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

युनिव्हर्सिटीजवळच्या फतेगंजच्या गाळ्याचे फोटो मिळाले. बाबांना जागेची रुंदी फार आवडली. मला मात्र त्या जागेची धास्ती वाटते, आणि ती फोनवर पाच मिनिटांत सांगून होणार नाही म्हणून लिहायला बसले. बंगळूरची नोकरी सोडून तू बडोद्यात छपाई, बाइंडिंग आणि चित्रकलेच्या सामानाचे दुकान काढते आहेस, याचा मला आनंदच आहे. माझे म्हणणे फक्त जागेपुरते आहे. दुकान जुन्या गावातल्या रावपुरा-दांडिया बाजार या पट्ट्यात असावे असे मला ठामपणे वाटते.

युनिव्हर्सिटीच्या कचेरीत मी इतकी वर्षे काढली, त्यामुळे मुले कधी येतात आणि कधी जातात हे मला पाठ आहे. जूनच्या शेवटापासून गर्दी चढत जाते. नवरात्रात संध्याकाळी सहानंतर बडोद्यातला एकही विद्यार्थी दुकानाकडे फिरकत नाही, सगळे गरब्याच्या तयारीत. मग दिवाळीची सुट्टी. डिसेंबर ते एप्रिल सबमिशन, परीक्षा, प्रबंध, म्हणजे तुझा खरा हंगाम. एप्रिल सरला की वसतिगृहे रिकामी होतात आणि फतेगंजच्या रस्त्यावर भर दुपारी माणूस दिसत नाही. शिवाय 2024 पासून पदवीचे प्रवेश राज्याच्या सामाईक प्रवेशाच्या जीकॅस पोर्टलवरून होतात, त्यामुळे वर्ग कधी सुरू होतील ते आता आपल्या गावात ठरत नाही. भाडे मात्र महिन्याच्या महिन्याला द्यावेच लागते.

तुझाच हिशेब मी कागदावर मांडून पाहिला. एका पानामागे पन्नास पैसे सुटतात असे तू म्हणालीस. तो गाळेवाला 45,000 मागतो. म्हणजे नुसते भाडे निघायला महिन्याला 90,000 पाने, 26 दिवस दुकान उघडे धरले तर रोज साडेतीन हजारांच्या आसपास. पगार, वीज, कागद, मशीनचा हप्ता हे सगळे त्यानंतर. रावपुऱ्यात वरच्या मजल्यावरची जागा 18,000 ला मिळते आहे, तिथे 36,000 पाने पुरतात. हा 54,000 पानांचा फरक तुला मे महिन्यात कोण भरून देणार? आणि भाड्यावर 18 टक्के जीएसटी लागणार का, हे दोन्हीकडे आधी विचारून घे.

तू म्हणशील, विद्यार्थी तिकडे आहेत तर मी इकडे का बसू. पण बडोद्याची युनिव्हर्सिटी एका आवारात कधीच मावली नाही. सयाजीराव महाराजांनी संस्था गावात ठिकठिकाणी पेरल्या. 1881 चे बडोदा कॉलेज स्टेशनच्या बाजूला, 1890 चे कलाभवन दांडिया बाजाराला लागून, संगीतशाळा सूरसागर तळ्याच्या काठी. 1949 साली युनिव्हर्सिटी झाली तेव्हा हे सगळे तिच्यात आले. म्हणून इंजिनिअरिंगची मुले आजही कलाभवनात शिकतात आणि नाच-गाणे शिकणारी सूरसागरपाशी. सयाजी हॉस्पिटल आणि मेडिकल कॉलेजही रावपुऱ्याच्या जवळच. हॉस्पिटलला ना दिवाळी ना उन्हाळा. रिपोर्ट, केसपेपर, विम्याची कागदपत्रे यांच्या झेरॉक्स तिथे बारा महिने लागतात. मेडिकलच्या मुलांचे प्रबंधही असतात, आणि त्यांनाही बाइंडिंग लागते.

त्याखेरीज गावाचे आपले काम आहे. लग्नपत्रिका, मंडळांच्या पावत्या, गणेशोत्सवाची वर्गणीची पुस्तके, व्यापाऱ्यांची बिलबुके, मंगळागौरीची निमंत्रणे. दांडिया बाजारातली मराठी घरे अजून पत्रिका हातात घेऊन, कागद चाचपून ठरवतात. मराठी, गुजराती आणि इंग्रजी या तिन्ही भाषांत मजकूर नीट तपासून देणारी मुलगी दुकानात बसली आहे हे कळले, तर लोक वाट वाकडी करून तुझ्याकडे येतील. हे गिऱ्हाईक जोडायला वेळ लागतो, उधारीही मागते, पण पिढ्यान्‌पिढ्या टिकते. फतेगंजचे गिऱ्हाईक तीन वर्षांत पदवी घेऊन गाव सोडते.

एकाच संस्थेच्या दारात बसलेल्या बाजाराचे काय होते ते आपण डोळ्यांनी पाहिले आहे. 2018 साली न्यायमंदिर या जुन्या इमारतीतली न्यायालये दिवाळीपुऱ्याला नव्या इमारतीत गेली. वकील गेले, पक्षकार गेले. त्यांच्या जिवावर चालणारे टायपिस्ट, स्टॅम्प विकणारे, झेरॉक्सवाले यांची रोजची वर्दळ त्यांच्याबरोबर गेली. ज्यांचे काम मंगळ बाजार, लहरीपुरा, मांडवी इथल्या येणाऱ्या-जाणाऱ्यांवरही चालत होते ते टिकले. युनिव्हर्सिटी कुठे जाणार नाही, मला ठाऊक आहे. पण एखादी फॅकल्टी सबमिशन ऑनलाइन घेऊ लागली तरी तुझ्या दारासमोरची रांग तेवढी कमी होणार.

आणि पाणी. ऑगस्ट 2024 मध्ये तू इथे नव्हतीस. विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी 26 फूट, आणि पाणी काळ्या घोड्याच्या पुलापाशी 35 फुटांच्या वर गेले होते. सयाजीगंज, फतेगंज, अकोटा, समा इथल्या कितीतरी तळमजल्यांत पाणी शिरले. ओला कपडा वाळवता येतो, कागदाचे रीम एकदा भिजले की संपले, आणि डिजिटल मशीनचे तर बोलायलाच नको. कोणतीही जागा घेण्याआधी त्या ओळीतल्या जुन्या दुकानदारांना 2005, 2019 आणि 2024 या तिन्ही वर्षी पाणी कुठवर आले होते ते विचार. दलालाला विचारू नकोस. रावपुऱ्यातही विचार, तिकडेही पाऊस तुंबतो.

रावपुऱ्याच्या अडचणी लपवायच्या नाहीत. पार्किंग नाही. गणपतीच्या मिरवणुकीच्या दिवशी रस्ता बंद असतो. जुन्या वाड्यांत मजल्यांना लाकडी तुळया असतात, त्यावर कटिंग मशीन ठेवायचे तर आधी इंजिनिअरला दाखवावे लागेल. थ्री फेज मीटर आहे का, व्यापारी लोड वाढवून मिळेल का, हेही आधीच बघायचे. पावसाळ्यात हवा दमट, कागद वाकतो, म्हणून साठा भिंतीपासून हातभर दूर आणि फळ्यांवर ठेवावा लागेल. या गोष्टी पैसे खर्चून सुटतात.

आता मुलांपर्यंत पोचायचे कसे? हल्ली मुले पीडीएफ फोनवरूनच पाठवतात, पेन ड्राइव्ह घेऊन रांगेत कोण उभे राहते? प्रतापगंजच्या वसतिगृहांत रात्री फाइल आली, सकाळी कॉलेजच्या आधी बांधून दिली, तर दुकान फतेगंजला आहे की रावपुऱ्यात हे मूल विचारणारही नाही. एक होतकरू मुलगा आणि एक अॅक्टिव्हा पुरे. डिसेंबर ते एप्रिल फतेगंजला एखाद्या ओळखीच्या स्टेशनरीवाल्याच्या काउंटरवर फाइली घ्यायची आणि तयार काम द्यायची सोय कर, त्याला कमिशन दे. ललित कलाची मुले मात्र कागद हाताळल्याशिवाय घेत नाहीत. त्यांच्यासाठी दर आठवड्याला नमुन्यांची पेटी घेऊन तू स्वतः जा. तू त्याच वर्गांत शिकलीस, त्यांना काय लागते ते तुझ्याइतके कोणत्या दुकानदाराला कळणार?

अकरा महिन्यांच्या करारावर मशीन बसवू नकोस. निदान पाच वर्षांचा नोंदणीकृत करार मागायचा, दरवर्षी भाडे किती वाढणार ते त्यात लिहून घ्यायचे. पागडीची गोष्ट कोणी काढली तर उठून यायचे. स्टेशनाला लागून बुलेट ट्रेनचे स्थानक उभे राहते आहे, त्यामुळे सयाजीगंजकडचे भाव चढतील असे सगळेच म्हणतात. चढोत. आपल्याला जागा विकायची नाही, रोज उघडायची आहे.

तुझ्या मनात फतेगंजच असेल तर मी अडवणार नाही, पण मग मे महिन्यात येऊन भर दुपारी त्या गाळ्यासमोर तासभर उभी राहा आणि कोण आत शिरते ते मोज. मी रावपुऱ्याच्या घरमालकांशी बोलले आहे. पुढच्या शनिवारी सकाळी दहाला ते जागा दाखवतील. येताना मशीनची लांबी, रुंदी आणि वजन लिहून आण, बाबा त्यांच्या मित्राला मजला तपासायला बोलावणार आहेत.

तुझी,
आई