चिऊच्या कामाबद्दल, आई-बाबांना

ती. आई आणि बाबा यांना,
सा. नमस्कार.

रविवारी फोनवर चिऊच्या नृत्यरचनेचा विषय अर्धवट राहिला. बाबा म्हणाले, "चौतिसाव्या वर्षी स्वतः नाचायचं कमी करून दुसऱ्यांना नाचवायचं, हा कसला उद्योग?" आणि आई मागून म्हणाली, त्यापेक्षा सरळ क्लास काढ म्हणावं. फोनवर आपण तिघंही एकदम बोलतो आणि शेवटी कुणाचंच धड ऐकून होत नाही, म्हणून लिहायला बसलो.

चिऊ जे करू बघतेय ते मी राहतो त्या गावात साठ वर्षांहून जास्त काळ चालू आहे. तिचं कथक, इथल्यांचं बॅले. पण नाचणारा माणूस नृत्यरचनाकार कसा होत जातो, हे इथे उघड्यावर बघायला मिळतं. (टीव्हीवरच्या स्पर्धांतले कोरिओग्राफर तेवढे डोळ्यांसमोरून बाजूला करा.)

स्टुटगार्ट म्हटलं की तुम्हाला माझी कंपनी आणि गाड्या आठवतात. इथल्या लोकांना त्यांच्या बॅलेचाही तितकाच अभिमान. 1958 मध्ये इथे काही रसिकांनी नोव्हेर यांच्या नावाने एक संस्था काढली. हे नोव्हेर अठराव्या शतकात इथल्या ड्यूकच्या दरबारी नृत्य बसवायचे. पुढे जॉन क्रँको 1961 मध्ये बॅलेचे संचालक झाले आणि आपल्या नर्तकांनी स्वतः काही रचून बघावं म्हणून त्यांच्या मागे लागले, आणि त्या रचना या संस्थेच्या संध्याकाळी लोकांपुढे येऊ लागल्या. पद्धत अजून तीच आहे. रोजची तालीम संपली की उरलेल्या वेळात सहकारी गोळा करायचे, दहा-पंधरा मिनिटांचं काहीतरी बसवायचं आणि तिकीट काढून आलेल्या लोकांपुढे ठेवायचं.

मी या संध्याकाळी शक्यतो चुकवत नाही. खरं सांगायचं तर निम्म्या रचना कंटाळवाण्या असतात. धूर, अंधार, कुणीतरी उगाच खुर्ची घेऊन फिरतंय. तरी लोक शेवटपर्यंत बसतात, कारण जॉन नॉयमायर, यिर्झी किलियान आणि विल्यम फोरसाइथ हे तिघंही इथे आले ते नाचायला, आणि रचायला लागले ते याच व्यासपीठावर. फोरसाइथची पहिली रचना 1976 मधली, फक्त दोघांसाठी. त्याच वर्षी इथल्या बॅलेने त्याला निवासी नृत्यरचनाकार, म्हणजे बॅलेचा नेमलेला रचनाकार, केलं, आणि 1984 मध्ये फ्रँकफर्टची बॅले कंपनी त्याच्या हाती गेली. किलियान नेदरलँड्समध्ये हेगला गेला. नॉयमायरने हॅम्बुर्गची कंपनी 1973 पासून 2024 पर्यंत चालवली, म्हणजे बाबा, तुमच्या नोकरीच्या सुरुवातीपासून माझ्या केसांत पांढरं दिसेपर्यंत.

या कामात खरी अडचण कशाची असते, ते मला या संध्याकाळींनीच कळलं. लेखकाला वही-पेन पुरतं. नृत्य रचणाऱ्याला मात्र समोर घाम गाळणारी माणसं लागतात, मोकळी जमीन लागते, आणि ती माणसं तासन् तास थांबावी लागतात. एकट्याने घरी बसून हा रियाज होतच नाही. म्हणून यांच्या वाटचालीत हुशारीइतकंच महत्त्व आहे ते कुणी किती तास जागा आणि माणसं दिली याला.

न्यूयॉर्कच्या जस्टिन पेकचंच बघा. न्यूयॉर्क सिटी बॅलेत तो मागच्या रांगेत नाचायचा. 2012 मध्ये तिथे त्याची पहिली रचना झाली आणि 2014 मध्ये, सत्ताविशी गाठायच्या आत-बाहेर, तो तिथला निवासी नृत्यरचनाकार झाला. पण नाच त्याने लगेच सोडला नाही, 2019 पर्यंत तो रंगमंचावर होता. चिऊ नाच 'सोडतेय' असं जे तुम्ही दोघं धरून चाललाय ते मला पटत नाही ते यामुळेच.

आता आईच्या क्लासबद्दल, म्हणजे स्वतःची संस्था. क्रिस्टोफर व्हील्डन नावाचा इंग्रज, पेकच्या आधी तोच न्यूयॉर्कला त्या पदावर होता. नाव झाल्यावर 2007 मध्ये त्याने स्वतःची कंपनी काढली. 2010 मध्ये तो तीतून बाहेर पडला. पुढच्याच वर्षी लंडनच्या रॉयल बॅलेसाठी त्याने 'अ‍ॅलिस' केलं आणि ते तुफान चाललं. संस्था चालवणं म्हणजे देणग्या, हिशेब, भाडी, रुसवेफुगवे. चिऊला रचना करायच्यात आणि आपण तिला फी गोळा करायला बसवणार. पोटापुरते चार विद्यार्थी ती घेतेच आहे, तेवढं पुरे.

पद मिळालं तरी सगळं सुरळीत होतं असंही नाही. डेमिस व्होल्पी हा इथल्याच बॅलेतला. 2013 मध्ये त्याने एका जर्मन जादूच्या गोष्टीवर 'क्राबाट' केलं तेव्हा गाव वेडं झालं होतं. 2024 मध्ये तो नॉयमायरच्या जागी हॅम्बुर्गला संचालक झाला आणि पहिला हंगाम संपतो न संपतो तोच नर्तकांच्या तक्रारींमुळे त्याला जावं लागलं. दुसरा मार्को गोएके, इथे बरीच वर्षं निवासी नृत्यरचनाकार, विलक्षण हुशार. 2023 मध्ये हॅनोव्हरला त्याने वाईट परीक्षण लिहिणाऱ्या बाईंच्या तोंडाला कुत्र्याची घाण फासली आणि पद घालवलं. (आई, हे खरं आहे, जगभर छापून आलं होतं.) तर हा धंदा सुरक्षित आहे, असं मी तुम्हाला सांगणार नाही. मानधन रचनेमागे मिळतं, पुढे प्रयोग होत राहिले किंवा दुसऱ्या कंपनीने ती रचना घेतली तर प्रयोगागणिक थोडं. बऱ्याच रचना एका हंगामात संपतात.

बायकांचं तर आणखी अवघड. क्रिस्टल पाइट कॅनडाची, फ्रँकफर्टला फोरसाइथकडे नाचायची, 2002 मध्ये तिने व्हँकुव्हरला स्वतःचा गट काढला. 2017 मध्ये तिने रॉयल बॅलेसाठी निर्वासितांवर 'फ्लाइट पॅटर्न' केलं, छत्तीस नर्तकांना घेऊन. तिथल्या मुख्य रंगमंचासाठी एका बाईने नवीन रचना करायला अठरा वर्षांनी मुहूर्त लागला होता! पाइट तेव्हा सेहेचाळीस वर्षांची होती. ब्रिजेट ब्राइनर ही आमच्याकडची पहिल्या फळीची नर्तकी. 2012 मध्ये ती गेल्सेनकिर्शेन नावाच्या कोळशाच्या खाणींच्या जुन्या गावी संचालक म्हणून गेली, 2019 मध्ये कार्ल्सरूएला, आणि 2024 पासून ड्युसेलडॉर्फ-डुइसबुर्गच्या मोठ्या कंपनीची मुख्य नृत्यरचनाकार आहे. मला या सगळ्यांत हीच जास्त आवडते. घाई नाही, गाजावाजा नाही, एकेक गाव करत गेली.

आणि कथकचं म्हणाल तर अक्रम खान. लंडनमध्ये वाढलेला, कथक प्रताप पवारांकडे शिकलेला. 2016 मध्ये इंग्लिश नॅशनल बॅलेने त्याच्याकडून 'जिझेल' हे जुनं बॅले नव्याने करून घेतलं. जुन्या गोष्टीतल्या शेतकऱ्यांच्या जागी त्याने काम गेलेले कापड कारखान्यातले कामगार आणले. चिऊने त्याचं ध्वनिचित्रमुद्रण इतक्यांदा पाहिलंय की तिला विचारलंत तर ती स्वयंपाकघरात करून दाखवेल. विचारा तिला एकदा.

इथल्या लोकांना पगारी नर्तक आणि तयार स्टुडिओ मिळतो. चिऊकडे पाच मुली आहेत, त्याही नोकऱ्या सांभाळून येणाऱ्या, आणि तासावर भाड्याचा हॉल. पैसे संपले की तालीम संपते. मागच्या महिन्यात तिची वीस मिनिटांची रचना बारा मिनिटांवर आली ती एवढ्याचसाठी. तिने तुम्हाला हे सांगितलेलं नसणार.

म्हणून माझं मागणं असं. वरच्या मजल्यावरचा हॉल ट्यूशनवाल्यांना दिलाय, त्यांचा करार मार्चमध्ये संपतोय. पुढे तो वाढवू नका, दोन वर्षांसाठी चिऊला द्या. बुडणारं भाडं मी दर महिन्याला तुमच्या खात्यात टाकीन, आणि बाबा, यावर "मुलाकडून भाडं घेऊ का" हे भाषण नको. घुंगरांचा खालच्या खोलीत त्रास होईल, म्हणून तालीम संध्याकाळी पाच ते आठ, आईची मालिका सुरू व्हायच्या आधी संपेल. जमिनीला लाकडी फळ्या बसवायला किती खर्च येतो ते मिरजेच्या सुताराला विचारून मला कळवा. फरशीवर तत्कार (पायांचं काम) करून तिचे गुडघे जातील.

चिऊला अजून काही बोललेलो नाही. तुमचा होकार आला की तुम्हीच सांगा तिला.

बाबांनी साखर तपासली का? रिपोर्टचा फोटो पाठवा, नुसतं "बरं आहे" नको.

तुमचा,
दादा

ता. क. ट्यूशनवाल्यांना कराराप्रमाणे दोन महिने आधी लेखी कळवावं लागतं. मसुदा मी करून पाठवतो.